खोली नंबर 28 आणि पाचांची रांग : नाझी छावण्यांत मुलींची मैत्री कशी चालायची

नाझी छावण्यांतून वाचलेल्या बायकांच्या साक्षी वाचायला घेतल्या की एक गोष्ट लवकरच ध्यानात येते. मैत्रिणीबद्दल बोलताना त्या माया, जिव्हाळा असले शब्द फार वापरत नाहीत. पाव कोण कापायचं, वाडगा कोणाच्या कमरेला असायचा, ताप आलेल्या मुलीला रांगेत कुठे उभं करायचं, हे त्या सांगतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींनी उभी केलेली ती एक व्यवस्था होती. तिला नियम होते, तिच्यात भांडणं होती, आणि ती मोडायचीही ठरावीक ठिकाणीच. ती समजून घ्यायला मुख्यतः दोन जागा पाहाव्या लागतात : आजच्या चेक प्रजासत्ताकातलं तेरेझिन आणि पोलंडमधलं आउशवित्झ-बिर्केनाउ.

या दोन जागांची गल्लत करू नये. तेरेझिन हे सम्राट दुसऱ्या जोसेफने 1780च्या दशकात बांधायला घेतलेलं तटबंदीचं लष्करी गाव. जर्मन लोक त्याला थेरेसिएनश्टाट म्हणत. युद्धाआधी सैनिक धरून तिथे सुमारे 7,000 माणसं राहायची. नोव्हेंबर 1941 मध्ये त्याचा घेटो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवायची वस्ती, केला गेला आणि सप्टेंबर 1942 पर्यंत त्याच गावात सुमारे 58,000 माणसं कोंबली गेली. तिथे गॅस चेंबर नव्हतं. माणसं भुकेने आणि रोगाने मरायची, आणि उरलेल्यांना गाड्यांत भरून पूर्वेकडे पाठवलं जायचं. तेरेझिनमध्येच सुमारे 33,000 जण मेले, आणि सुमारे 88,000 जणांना पुढे पाठवलं गेलं. बिर्केनाउ हे त्या ‘पुढे’चं मुख्य ठिकाण. तिथे उतरल्या उतरल्या कोणाला कामाला ठेवायचं आणि कोणाला मारायचं याची निवड व्हायची आणि बहुतेकांना थेट मारलं जायचं. तेरेझिनमध्ये मुलींना मैत्रीसाठी निदान एक खोली होती. बिर्केनाउमध्ये तीही नव्हती.

खोली नंबर 28

तेरेझिनचा रोजचा कारभार एसएस या नाझी सशस्त्र दलाच्या हुकमाखाली ज्यू मंडळाला चालवावा लागे. त्या मंडळाच्या बालविभागात एगॉन रेडलिख आणि फ्रेडी हिर्श हे दोघे पुढे होते, दोघेही पंचविशीतले. त्यांनी ठरवलं की मुलांना मोठ्यांच्या गजबजलेल्या बराकींतून बाहेर काढायचं, वयाप्रमाणे आणि भाषेप्रमाणे वेगळ्या घरांत ठेवायचं, आणि प्रत्येक खोलीला एक सांभाळणारी बाई किंवा तरुण द्यायचा. मुलांच्या ताटात थोडं जास्त पडेल अशीही सोय केली गेली. घेटोत येणारं एकूण अन्न मात्र तेवढंच होतं, त्यामुळे हे जास्तीचं म्हाताऱ्यांच्या वाट्यातून आलं. तेरेझिनमध्ये मेलेल्यांत म्हाताऱ्यांची संख्या इतकी मोठी असण्याचं हेही एक कारण आहे. मुलींच्या खोल्यांतल्या गाण्यांचं आणि चित्रांचं कौतुक करताना हा हिशोब सहसा गाळला जातो. तो गाळू नये.

चेक मुलींचं घर होतं एल-410. गावाच्या लांबीच्या रस्त्यांना एल आणि रुंदीच्या रस्त्यांना क्यू अशी अक्षरं दिलेली होती; चौथा एल रस्ता, दहावं घर, म्हणून 410. त्यातली 28 नंबरची खोली आज सगळ्यांत चांगली माहीत आहे, कारण तिथल्या काही मुलींच्या वह्या आणि रोजनिशा शिल्लक राहिल्या. खोली सुमारे 30 चौरस मीटरची, म्हणजे सव्वातीनशे चौरस फूट. तीत एका वेळी तीसेक मुली, वय साधारण 12 ते 14. झोपायला लाकडी तीनमजली फळ्या. 1942 ते 1944 या काळात जवळपास साठ मुली या खोलीत राहून गेल्या. त्यांतल्या पंधरा वाचल्या.

तीस मुली एवढ्याशा जागेत दोन वर्षं काढतात तेव्हा पहिला प्रश्न असतो ढेकूण, उवा आणि जुलाब यांचा. मैत्रीचा नंबर त्यानंतर. एका मुलीने अंथरूण झटकलं नाही की ढेकूण शेजारणीकडे जातात, एकीने हात धुतले नाहीत की सगळी खोली आजारी पडते. 1943च्या सुरुवातीला एल-410 मध्ये विषमज्वराची साथ आली तेव्हा हे सगळ्यांना कळून चुकलं. म्हणून खोलीत पाळ्या होत्या. पाळीवाल्या मुलींनी झाडायचं, जेवणाच्या रांगेत उभं राहायचं, आजारी मुलीचं अन्न आणून द्यायचं. कोणी काम टाळलं की तो त्या मुलीचा खासगी मामला राहत नसे. या खोलीतल्या मैत्रीची सुरुवात अशी कामाच्या वाटपातून झालेली दिसते. भांडणंही बहुतेक त्यावरूनच.

दुसरी गोष्ट शिकण्याची. शाळा भरवायला बंदी होती. चित्रकला, गाणं, शिवण-टिपण, खेळ एवढं चालत असे. मग गणित-इतिहास-भूगोल चोरून चालायचे. एक मुलगी पहाऱ्यावर, एसएसचा माणूस येतोय असं कळलं की वह्या गादीखाली आणि सगळ्या गाणं म्हणत बसलेल्या. असं काही एकत्र लपवायचं असलं की सगळ्यांचं तोंड बंद राहणं हीच पहिली गरज होते. एकमेकींवर विश्वास टाकण्याचा सराव मुलींना इथे रोज मिळत होता, आणि तो पुढे उपयोगी पडला.

चित्रकला शिकवायला फ्रीडल डिकर-ब्रांडाइस होत्या, व्हिएन्नात जन्मलेल्या चित्रकार. डिसेंबर 1942 मध्ये त्यांना तेरेझिनला आणलं गेलं. कागद म्हणजे रद्दी फॉर्म, पुठ्ठे, पार्सलाचे वेष्टन. त्या मुलांना चित्रावर स्वतःचं नाव घालायला लावत. मुलांना तिथे बहुतेक ठिकाणी गाडीचा नंबर हीच ओळख उरली होती, त्यामुळे या सवयीचं मोल मोठं. ऑक्टोबर 1944 मध्ये फ्रीडल यांना आउशवित्झला पाठवून मारलं गेलं. मागे दोन सुटकेसेसमध्ये सुमारे 4,500 चित्रं राहिली. मुलींच्या घराचे शेवटचे प्रमुख विली ग्रोआग यांनी युद्धानंतर ती प्रागला नेऊन पोचवली. नावं असल्यामुळेच कोणतं चित्र कोणाचं हे आज सांगता येतं.

आता खाण्याचं. खोलीत दोन, तीन किंवा चार मुलींचे छोटे गट असत. त्यांना ‘कोमुना’ म्हणत. नियम सोपा : कोणालाही बाहेरून पार्सल आलं की ते गटाचं. गट एवढा लहान का, याचं उत्तर भाकरीएवढ्या पावात आहे. दहाजणींत वाटला तर कोणाच्याच पोटाला आधार नाही. दोघींतच वाटला तर एक आजारी पडताच दुसरीवर सगळा भार येतो आणि पार्सल येण्याची शक्यताही निम्मी होते. तीन-चार हा आकडा अनुभवातून ठरलेला दिसतो.

हे गट कुठे फाटायचे? पार्सल सगळ्यांना येत नसे. ज्यांचं प्रागमध्ये कोणी मोकळं उरलं होतं, एखादी ख्रिस्ती मावशी, वडिलांचा जुना भागीदार, त्यांनाच ते यायचं. जुलै 1943 पासून तर पार्सलावर घेटोतून पाठवलेलं खास परवानगीचं तिकीट लागू लागलं. ज्या मुलीचं सगळं कुटुंब घेटोतच होतं तिच्याकडे गटात आणण्यासारखं काही नसायचं. मग तिला कोण घेणार, आणि घेतलं तर तिला किती मिंधं वाटणार? बारा-तेराच्या वयात कोण कोणाच्या गटात यावरून शाळेतही रुसवेफुगवे होतात. इथे त्याच रुसव्याचा अर्थ एका घासाचा फरक असा होता.

सांभाळणाऱ्या बाईंना, एला पोलाक यांना (मुली त्यांना टेला म्हणत), हे दिसत असणार. त्यांनी खोलीत ‘माआगल’ नावाची मंडळी सुरू केली. हिब्रूत त्याचा अर्थ वर्तुळ. त्यांनी खोलीला झेंडा दिला, गाणं दिलं. झेंड्यावर वर्तुळात गुंफलेले हात. जी दुसरीला मदत करते, भांडण मिटवते, अशा मुलींना मत देऊन या वर्तुळात घ्यायचं. कल्पना चांगली होती. पण मतदान म्हटलं की कोणीतरी बाहेर राहणार, आणि आईवेगळ्या राहणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलीला बाहेर राहणं फार लागतं. सगळ्यांना जोडणाऱ्या झेंड्याखाली काहींना कमी लेखल्यासारखं वाटलंच असणार. तरीही मला वाटतं, टेलाबाईंचा अंदाज बरोबर होता. छोट्या कोमुना पोटाच्या होत्या. त्यांच्या वर पूर्ण खोलीचं काहीतरी हवं होतं, नाहीतर तीस मुलींचे आठ-दहा तुकडे पडले असते.

संगीताचा भागही याच कामाला येत असे. हान्स क्रासा यांचा ‘ब्रुंडिबार’ हा मुलांचा ऑपेरा 23 सप्टेंबर 1943 पासून तेरेझिनमध्ये पंचावन्न वेळा झाला. एल-410 मधल्या मुली त्यात गात होत्या. मांजराचं काम करणारी एला स्टाइन खोली 28 मधलीच. तिने पुढे सांगितलं की रंगमंचावर असतानाच तेवढा छातीवरचा पिवळा तारा काढायची मुभा असायची. 23 जून 1944 रोजी रेडक्रॉसची पाहणी झाली तेव्हा हाच ऑपेरा पाहुण्यांना दाखवून सगळं आलबेल असल्याचा देखावा उभा केला गेला. पाहुण्यांना गर्दी दिसू नये म्हणून त्याच्या महिनाभर आधीच सुमारे 7,500 जणांना आउशवित्झला पाठवून दिलं होतं. गायकमंडळींतली मुलं सारखी बदलत होती, कारण जुनी गाडीत गेलेली असायची.

चिठ्ठी आली की

तेरेझिनमधली मैत्री मोडणारी गोष्ट एकच होती : पुढच्या गाडीची यादी. चिठ्ठी बहुतेक रात्री यायची. नाव, नंबर, कुठे हजर व्हायचं. हातात एक-दोन दिवस. 50 किलोपर्यंत सामान न्यायची परवानगी. मग खोलीचं काम सुरू व्हायचं. एक मुलगी पिशवीवर नंबर रंगवणार, दुसरी बटणं लावून देणार, कोमुना आपल्या साठ्यातलं टिकाऊ ते देणार. वह्यांमध्ये आठवणी लिहून घ्यायच्या : चार ओळी, एक चित्र, सही. आपल्याकडे दहावीच्या शेवटी निरोपाच्या वह्या फिरतात तशाच त्या, पण ज्यांनी लिहिलं त्यांतल्या बहुतेकींचं ते शेवटचं हस्ताक्षर ठरलं.

इथे छळाची खरी रचना कळते. एसएस कोणाची मैत्री तोडायला खोलीत येत नसे. यादी ज्यू मंडळाकडून करून घेतली जाई, आणि एखादीचं नाव निघालं तर त्या जागी दुसरीचं घालावं लागे, कारण आकडा ठरलेला. म्हणजे मैत्रीण वाचावी असं वाटणं म्हणजे दुसरी कोणी जावी असं वाटणं. हे ओझं मोठ्यांवर होतंच, पण मुलींनाही ते कळत होतं. कुटुंबं सहसा एकत्र पाठवली जात, त्यामुळे काही मुलींपुढे घरचे की खोली असाही पेच पडायचा. घरच्यांबरोबर जाण्यासाठी स्वतः नाव घालणाऱ्या मुली होत्या. मागे राहिलेल्या मैत्रिणीला ते सोडून जाण्यासारखं वाटायचं.

28 सप्टेंबर ते 28 ऑक्टोबर 1944 या एका महिन्यात अकरा गाड्यांतून 18,000 हून जास्त लोक गेले. खोली 28 संपली ती तेव्हाच. निघताना झेंडा फाडून त्याचे तुकडे वाटून घेतले, युद्ध संपल्यावर पुन्हा जोडू या बोलीवर. त्यातला एकच तुकडा उरला, तेरेझिनमध्येच मागे राहून वाचलेल्या अ‍ॅना फ्लाखोवाकडचा.

पाचांची रांग

बिर्केनाउच्या बायकांच्या छावणीत खोली नाही, वही नाही, सांभाळणारी बाई नाही. डोक्याचे केस काढलेले. पहिल्या तासात आपली मैत्रीण कोणती हेच ओळखू येत नसे, आवाजावरून शोधावं लागे. एकटीने आलेल्या मुलीपुढे पहिलं काम असायचं कोणातरी बरोबर जोडून घेणं. बहीण, चुलतबहीण, एकाच गावची, एकाच गाडीतली, या क्रमाने. काहीच नसेल तर शेजारी झोपणारी. अशा जोडीदारणीला ‘लागरश्वेस्टर’, छावणीतली बहीण, म्हणत.

गट बहुधा दोन ते पाचजणींचा. त्याला छावणीच्या रचनेतलीच कारणं होती. हजेरीला पाच-पाचच्या ओळीत उभं राहावं लागे, कामावर जाताना पाच-पाच. ओळीत सगळ्या आपल्या असल्या तर आजारी मुलीला मधल्या जागी घालून दोन्हीकडून कोपरांनी धरता येतं. परक्या असल्या तर ती कोसळते. झोपायच्या फळीवरही पाच-सहा जणी आणि एक-दोन पांघरुणं. एकीला कुशीवर वळायचं तर सगळ्यांना वळावं लागतं.

अन्न किती मिळायचं हे माहीत असल्याशिवाय पुढचं कळत नाही. सकाळी अर्धा लिटर कडसर पाणी, त्याला कॉफी म्हणायचं. दुपारी पाऊण लिटरच्या आसपास सलगमाचं सूप. संध्याकाळी सुमारे 300 ग्रॅम काळा पाव आणि 25 ग्रॅमभर मार्गारीन किंवा तसंच काही. हा पाव सकाळपर्यंत पुरवायचा. सगळा रात्रीच खाल्ला तर पहाटेची हजेरी उपाशीपोटी. राखून ठेवला तर चोरी व्हायची भीती. उपाय दोन. पाव पांघरुणात स्वतःच्या अंगाखाली घेऊन झोपायचं, किंवा गटाने आळीपाळीने त्यावर लक्ष ठेवायचं. एकटी असलेल्या मुलीला दुसरा उपाय उपलब्धच नव्हता, म्हणून ती बहुतेक वेळा पाव लगेच खाऊन टाकायची.

वाटणीवरून मन मोडू नये म्हणून छावण्यांत ठिकठिकाणी सारखीच पद्धत दिसते. एकीने कापायचं, दुसरीने पाठ फिरवून उभं राहायचं आणि ‘हा कोणाचा?’ असं विचारल्यावर नाव सांगायचं. काठी आणि दोऱ्याचे तराजूही होते. आपल्याला हे कोतेपणाचं वाटेल. पण भूक इतकी असली की चुकून मोठा गेलेला तुकडाही मुद्दाम दिल्यासारखा वाटतो, आणि तो संशय गट फोडायला पुरतो. शंका येऊच नये अशी सोय करून ठेवलेली होती. सूप वाढतानाही हिशोब : पिंपाच्या वरचं पाणचट, तळाशी घट्ट. फार पुढे उभं राहिलं तर पाणी, फार मागे तर संपायचा धोका. म्हणून गट रांगेत एकत्र न राहता विखरून उभा राहायचा आणि मिळालेलं एकत्र करायचा. वाडगा नसेल तर सूप नाही, म्हणून वाडगा दोरीने कमरेला.

आजारपणात गटाला सगळ्यांत अवघड निर्णय घ्यावा लागे. छावणीतला दवाखाना म्हणजे आराम, पण तिथेच वारंवार निवड व्हायची आणि अशक्त दिसणाऱ्यांना गॅसकडे नेलं जायचं. तापाने फणफणलेल्या मुलीला तिथे पाठवायचं की कामावर ओढत न्यायचं? बराकीत लपवलं तर हजेरीचा आकडा जुळत नाही, आणि आकडा जुळेपर्यंत सगळ्यांना तासन्‌तास उभं ठेवतात. म्हणजे एकीला वाचवायच्या नादात दुसरी कोसळू शकते. बहुतेक गट ओढत न्यायचा पर्याय निवडत. गालांना चिमटे काढून, कधी बोट टोचून रक्ताचा लाल रंग लावून, चेहरा निरोगी दिसेल असं करायचं. नव्याने उतरणाऱ्या मुलींना जुने कैदी कुजबुजत सांगायचे, वय सोळा सांग. चौदा म्हणालीस तर लहान मुलांच्या रांगेत, आणि ती रांग मरणाची.

मासिक पाळी बहुतेकींची बंद झालेली असायची, भुकेने आणि धक्क्याने. आपल्याला पुढे मुलं होतील का, ही भीती पंधरा-सोळा वर्षांच्या मुली फक्त एकमेकींकडेच बोलू शकत होत्या.

सगळ्यांचं सगळ्यांशी जुळायचं असं समजू नये. 26 मार्च 1942 रोजी स्लोव्हाकियातल्या पोप्रादहून हजारेक अविवाहित मुलींची पहिली ज्यू गाडी आउशवित्झला पोचली. त्यांतल्या बहुतेक मेल्या. ज्या दोन वर्षं तगल्या त्यांच्याकडे बराकीतली, गोदामातली थोडीफार अधिकाराची कामं आली. 1944 मध्ये हंगेरीहून मुली आल्या तेव्हा या जुन्यांच्या मनात राग होता : आम्ही इथे मरत होतो तेव्हा तुम्ही घरी होतात. भाषेचीही भिंत. ग्रीसच्या सालोनिकाहून आलेल्या मुलींना यिद्दिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) येत नसे, जर्मन हुकूम कळत नसत, आणि हुकूम कळला नाही की मार. जुनी एखादी ओळखीची निघाली तर मात्र छपराखालचं काम मिळू शकायचं, आणि थंडीत छपराखालचं काम म्हणजे काही महिन्यांचं आयुष्य.

भेटकार्ड आणि स्फोटक पूड

छपराखालचं असंच एक काम आउशवित्झच्या युनियन कारखान्यात होतं. तिथे कैदी मुली बाँबगोळ्यांचे सुटे भाग बनवायच्या, दिवसपाळी आणि रात्रपाळीत. 12 डिसेंबर 1944 रोजी त्यांतली फानिया लांडाऊ वीस वर्षांची झाली. झ्लात्का नावाच्या मैत्रिणीने तिच्यासाठी हृदयाच्या आकाराचं, घड्या उलगडत जाणारं छोटं कार्ड बनवलं. वर जांभळं कापड, त्यावर नारिंगी दोऱ्याने नावाचं पहिलं अक्षर. गोंद म्हणून पाव पाण्यात कालवला होता, म्हणजे कोणाचा तरी घास त्यात गेला. कागद, कात्री, पेन्सिल जवळ सापडणं हा गुन्हा, तरी ते सगळं मिळवून कार्ड टेबलाभोवती फिरलं आणि एकेकीने आपापल्या भाषेत शुभेच्छा लिहिल्या. फानियाने ते लपवून ठेवलं, जानेवारीत छावणी रिकामी करताना झालेल्या बर्फातल्या सक्तीच्या चालीतही जवळ बाळगलं. आज ते मॉन्ट्रियलच्या होलोकॉस्ट संग्रहालयात आहे.

कार्डाला काही उपयोग नव्हता, असं कोणी म्हणेल. पण याच कारखान्यात त्याआधीच्या महिन्यांत काय चाललं होतं ते पाहा. स्फोटक पुडीच्या विभागात काम करणाऱ्या मुली चिमूट-चिमूट पूड कापडाच्या पुरचुंडीत बांधून अंगावर लपवून बाहेर काढत होत्या. ती हातोहात छावणीत जायची, तिथून रोझा रोबोटा या तरुणीमार्फत क्रेमेटोरियममध्ये, म्हणजे प्रेतं जाळायच्या इमारतींत, राबवल्या जाणाऱ्या कैद्यांच्या पथकाकडे. 7 ऑक्टोबर 1944 रोजी त्या पथकाने उठाव केला आणि चौथ्या क्रमांकाचं क्रेमेटोरियम निकामी झालं. अशा कामात साखळीतल्या प्रत्येकीला फक्त अलीकडची आणि पलीकडची माहीत असावी लागते, आणि तिने छळ झाला तरी बोलू नये एवढा विश्वास लागतो. जिच्याबरोबर पाव मोजून खाल्ला तिच्यावर तो टाकता येतो.

चौकशीत चौघी पकडल्या गेल्या : रोझा रोबोटा, आला गेर्टनर, रेगिना साफिरश्टाइन आणि वीस वर्षांची एस्तेर वाइत्सब्लुम. जानेवारी 1945 मध्ये, छावणी रिकामी होण्याच्या दोनेक आठवडे आधी, त्यांना फाशी दिलं गेलं. दोघींना एका पाळीच्या मुलींसमोर, दोघींना दुसऱ्या. एस्तेरची धाकटी बहीण हाना तिथेच होती. एस्तेरने कोठडीतून मार्ता नावाच्या मैत्रिणीला निरोप पाठवला होता की हानाला सांभाळ. मार्ताने ते केलं. छावणीतली बहीण या नात्याचा नेमका अर्थ कोणी विचारला तर मी हे उदाहरण देईन : सख्ख्या बहिणीची जागा रिकामी होणार हे कळल्यावर ती कोणी घ्यायची, हे आधीच ठरवून ठेवणं.

कुंपणापलीकडे

अ‍ॅन फ्रँक आपल्याकडे शाळेपासून माहीत असते, पण तिची अ‍ॅमस्टरडॅमची वर्गमैत्रीण हाना गोस्लार फारशी नाही. दोघी 1945च्या सुरुवातीला जर्मनीतल्या बर्गन-बेल्सन छावणीत होत्या, पण वेगळ्या भागांत. हाना जर्मन कैद्यांशी अदलाबदल करण्यासाठी राखून ठेवलेल्या कैद्यांत, जिथे क्वचित रेडक्रॉसचं छोटं पार्सल पोचायचं. अ‍ॅन पलीकडे, जिथे काहीच पोचत नव्हतं. मधे काटेरी तार, तिच्यात पेंढा भरलेला, म्हणजे पलीकडचं दिसू नये. पलीकडे डच बायका आहेत हे कळल्यावर हाना रात्री कुंपणाशी गेली आणि हाक मारली. नेमकं उत्तर दिलं ते अ‍ॅनच्याच घराबरोबर लपून राहिलेल्या फान पेल्सबाईंनी. त्यांनी अ‍ॅनला बोलावून आणलं. अ‍ॅनची बहीण मार्गोट उठू शकत नव्हती.

हानाने आपल्या बराकीतल्या बायकांकडून थोडं थोडं गोळा केलं : कुरकुरीत पावाचे तुकडे, काही ऊबदार कपडा. गठडी केली आणि अंधारात वरून टाकली. पलीकडून अ‍ॅनच्या ओरडण्याचा आवाज आला. दुसऱ्याच बाईने गठडी झेलली होती आणि ती देत नव्हती. दोन-तीन दिवसांनी हानाने पुन्हा जमवून टाकली, ती अ‍ॅनला मिळाली. पहाऱ्याच्या मनोऱ्यावरून गोळी लागण्याचा धोका दोन्ही वेळा सारखाच होता. पुढे हानाचे वडील वारले, दोघींची भेट पुन्हा झाली नाही, आणि एप्रिलमध्ये ब्रिटिश फौज पोचण्याच्या आधीच मार्गोट आणि अ‍ॅन टायफसच्या (उवांतून पसरणाऱ्या तापाच्या) साथीत गेल्या. त्या पहिल्या गठडीवर झडप घालणाऱ्या बाईबद्दल लोक रागाने बोलतात. तिलाही कोणी मैत्रीण असेल, जी अंधारात तिची वाट पाहत होती. आपल्याला ते कळायला मार्ग नाही.

साक्षी वाचताना

यातून एक वाक्य फार सहज निघतं : मैत्रीने जीव वाचवले. ते अर्धंच खरं आहे. कोणती गाडी, कोणता महिना, उतरताना कोणता डॉक्टर उभा होता, टायफस आधी झालेला होता की नाही, हे सगळं मैत्रीच्या हाताबाहेरचं होतं. खोली 28 मधल्या मेलेल्या मुलींची मैत्री वाचलेल्यांपेक्षा कच्ची नव्हती. मैत्रीने जे नक्की दिलं ते असं : निवड आणि रोगाची साथ यांच्या मधल्या दिवसांत रोजचा मार, थंडी आणि भूक थोडी कमी लागावी याची सोय.

शिवाय साक्ष देणारी मुळात वाचलेली असते. जिला कोणीच जोडीदारीण नव्हती तिची साक्ष आपल्यापर्यंत क्वचितच पोचते, आणि जिने भुकेपोटी मैत्रिणीचा पाव घेतला ती ते क्वचितच सांगते. म्हणून दहा मुलाखतींत दहादा मैत्रीचं गुणगान दिसलं तरी छावणीत तसंच सर्वत्र होतं असा निष्कर्ष काढता येत नाही. त्यापेक्षा चोरी, रुसवा, मत्सर यांचे उल्लेख जिथे सापडतात तिथे जास्त थांबावं. तिथलीच माहिती जास्त भरवशाची असते.

युद्धानंतर या मैत्रिणी लगेच एकत्र आल्या नाहीत. कोणी प्रागला परतली, तिथे घरात दुसरं कुटुंब राहत होतं. कोणी पॅलेस्टाइनला गेली, कोणी अमेरिकेला. 1948 मध्ये चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्ट सत्ता आल्यावर पत्रव्यवहारही अवघड झाला. घरी नवऱ्याला, मुलांना त्यातलं फार सांगितलेलं नव्हतं, कारण पाव कापताना पाठ का फिरवायची हे ज्याने पाहिलं नाही त्याला समजावताना दमायला होतं. 1989 नंतर सीमा उघडल्या आणि खोली 28 मधल्या साठी-पासष्टीच्या बायका दरवर्षी चेक डोंगरांतल्या श्पिंडलेरुव म्लिन गावी जमू लागल्या. त्यांतल्या हेल्गा पोलाकची रोजनिशी, अ‍ॅना फ्लाखोवाची निरोपाची वही आणि बाकीच्यांच्या आठवणी तिथे एका टेबलावर आल्या. कोणत्या फळीवर कोण झोपायचं यावर त्यांचे मतभेद झाले, आणि त्यातूनच खोलीचा नकाशा पुन्हा तयार झाला.